आठ तुकड्यांचा विषाणू आणि रक्तातलं एक अक्षर

१८ फेब्रुवारी २००६ रोजी भोपाळच्या उच्च सुरक्षा पशुरोग प्रयोगशाळेचा अहवाल जाहीर झाला: नवापूरच्या मेलेल्या कोंबड्यांमध्ये एच५एन१ हा बर्ड फ्लूचा विषाणू सापडला होता. भारतातली ही पहिलीच नोंद. त्या संध्याकाळपासून नंदुरबार जिल्ह्यातलं हे तालुक्याचं गाव जगभरच्या बातम्यांमध्ये गेलं.

नवापूरच्या रेल्वे स्थानकाचा एक भाग महाराष्ट्रात आहे आणि दुसरा गुजरातमध्ये. गावाभोवती अंडी देणाऱ्या कोंबड्यांच्या मोठमोठ्या शेड. तिथे मर सुरू झाली तेव्हा आधी सगळ्यांना राणीखेत, म्हणजे गावाकडची मानमोडी, वाटली. पण मर आवरेना. मग नमुने भोपाळला गेले, अहवाल आला आणि पशुसंवर्धन खात्याची पथकं डोक्यापासून पायापर्यंत झाकणाऱ्या पोशाखात शेडमध्ये शिरली. लाखो कोंबड्या मारून खोल खड्ड्यांत चुन्यासह पुरल्या गेल्या. सीमेपलीकडच्या उच्छल तालुक्यातही तेच झालं. पथकातल्या लोकांना टॅमीफ्लूच्या गोळ्या दिल्या जात होत्या. ताप-सर्दी असलेल्या माणसांचे नमुने पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत, म्हणजे एनआयव्हीत, तपासले गेले. एकाही माणसात तो विषाणू सापडला नाही. पोल्ट्रीवाल्यांचं मात्र कंबरडं मोडलं. राज्यभर चिकनचे भाव कोसळले.

नवापूरच्या लोकांना ते खड्डे आठवतात. कॅमेरे निघून गेल्यावर प्रयोगशाळांच्या बंद दारांआड जे काम सुरू झालं, ते मात्र जिल्ह्याला कुणी नीट सांगितलं नाही. ते सांगण्यासाठी हा लेख आहे. त्या कामात माझ्या मते एका रेणवीय जीवशास्त्रज्ञाच्या आयुष्याचा नकाशा दिसतो. हा नकाशा पुणे, भोपाळ आणि जिनिव्हाहून फिरून पुन्हा नंदुरबार जिल्ह्यातल्या धानोऱ्यासारख्या गावात येतो. तिथे तो कोंबडीच्या खुराड्यापाशी थांबत नाही, माणसाच्या रक्तापर्यंत पोचतो.

०००

आधी विषाणू. इन्फ्लुएन्झा विषाणूचा जनुकसंच एकसलग नसतो. आरएनएचे आठ सुटे तुकडे असतात, आणि ते सगळे मिळून साधारण साडेतेरा हजार अक्षरं भरतात. अक्षरं म्हणायची ती चार रासायनिक घटकांना. ज्या क्रमाने ती येतात त्यावर विषाणूचं सगळं वागणं ठरतं. तुकडे सुटे असल्यामुळे एकाच पेशीत दोन वेगळे फ्लू शिरले तर त्यांचे तुकडे आपसांत अदलाबदल होऊन तिसराच विषाणू बाहेर पडू शकतो. एच आणि एन ही दोन नावं विषाणूच्या पृष्ठभागावरच्या दोन प्रथिनांची. एच म्हणजे हिमॅग्लुटिनिन, पेशीला चिकटणारं. एन म्हणजे न्यूरामिनिडेज, नवे विषाणू पेशीपासून सुटे करणारं.

हिमॅग्लुटिनिन कामाला येण्यासाठी ते एका ठरावीक जागी कापलं जावं लागतं. कोंबड्यांमधल्या साध्या फ्लूमध्ये ही कापणारी विकरं फक्त श्वसनमार्गात आणि आतड्यात मिळतात, म्हणून आजार तिथेच राहतो. एच५एन१च्या घातक वाणात त्या जागी काही जादा अमिनो आम्लं येऊन बसलेली असतात. त्यामुळे शरीरातल्या जवळजवळ कुठल्याही पेशीतली विकरं ते कापू शकतात. विषाणू मेंदूपर्यंत, हृदयापर्यंत पसरतो आणि सकाळी दाणे टिपणारी कोंबडी संध्याकाळी आडवी होते. नवापूरच्या शेडमध्ये जे झालं त्याचं कारण या मोजक्या अक्षरांत होतं.

हा विषाणू आला कुठून, हा प्रश्न त्या वेळी प्रत्येक जण विचारत होता आणि उत्तराऐवजी अफवाच जास्त मिळत होत्या. भोपाळच्या शास्त्रज्ञांनी त्याचा वंशवृक्ष मांडून २००६ मध्येच ‘करंट सायन्स’मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केला: महाराष्ट्रातल्या कोंबड्यांमधले विषाणू त्याच वर्षी इटलीत आणि इराणमध्ये राजहंसांत सापडलेल्या विषाणूंशी मिळतेजुळते होते. हा सगळा वंश चीनमधल्या चिंगहाई सरोवराकडे जातो. २००५च्या मे महिन्यापासून तिथे हजारो रानपक्षी मेले होते. त्यांत डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले हंसही होते, जे हिमालय ओलांडून हिवाळ्यात भारतात येतात. नवापूरला विषाणू नेमका कोणत्या वाटेने पोचला, पक्ष्यांच्या की व्यापाराच्या, हे वंशवृक्षावरून ठरत नाही. वंशवृक्ष नातं सांगतो, प्रवासाचं तिकीट दाखवत नाही. पण नवापूरची साथ एका जागतिक साथीचा भाग होती, स्थानिक माणसाच्या हलगर्जीतून उगवलेली नव्हती, एवढं त्यातून स्वच्छ दिसलं. त्या दिवसांत पोल्ट्रीवाल्यांवर झालेले आरोप आठवले की हे किती मोलाचं होतं ते कळतं.

पुण्यात एनआयव्हीने त्या साथीतला विषाणू वेगळा करून आठही तुकड्यांचा पूर्ण क्रम वाचला. २००८ मध्ये ‘व्हायरस जीन्स’ या नियतकालिकात तो प्रसिद्ध झाला. लेखकांत वर्षा पोतदार होत्या, सारा चेरियन होत्या, शैलेश पवार होते आणि संस्थेचे तेव्हाचे संचालक अखिलेशचंद्र मिश्र होते. महाराष्ट्रातल्या २००६च्या साथीत कोंबडीपासून मिळालेला एक विषाणू जागतिक आरोग्य संघटनेच्या लस-उमेदवार विषाणूंच्या यादीत गेला. त्याच्या नावातच पुण्याच्या संस्थेची आद्याक्षरं आहेत: ए/चिकन/इंडिया/एनआयव्ही३३४८७/२००६. उद्या माणसांत एच५एन१ची साथ आलीच तर लस तयार करायला हाताशी बियाणं असावं म्हणून अशी यादी ठेवतात. त्यासाठी अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेत मूळ विषाणूचं प्रयोगशाळेत रूपांतर केलं गेलं. हिमॅग्लुटिनिनमधली ती घातक जादा अक्षरं काढून टाकायची, दोन पृष्ठप्रथिनांचे तुकडे तेवढे घ्यायचे आणि उरलेले सहा तुकडे पीआर८ नावाच्या, १९३४ साली पोर्तो रिकोत मिळालेल्या निरुपद्रवी झालेल्या वाणाचे जोडायचे. विषाणूशास्त्र आणि जनुकशास्त्र इथे वेगळी राहत नाहीत.

०००

२००८च्या त्या शोधनिबंधाच्या लेखकांतली दोन नावं पुढे धरून ठेवली की एक कारकीर्द कशी घडते ते दिसतं. २००९ मध्ये स्वाइन फ्लू आला. देशातला त्याचा पहिला बळी पुण्यात गेला. भारतातल्या त्या एच१एन१ विषाणूंची जनुकीय ओळख मांडणारा शोधनिबंध २०१० मध्ये ‘प्लॉस वन’मध्ये आला, त्यावर वर्षा पोतदारांचं नाव पहिलं आहे आणि सारा चेरियन यांचंही आहे. मग २०२१. महाराष्ट्रात कोविडची दुसरी लाट चढत असताना नमुन्यांमधल्या काटेप्रथिनात काही बदल वारंवार एकत्र दिसू लागले. एल४५२आर, ई४८४क्यू, पी६८१आर अशी त्यांची रुक्ष नावं. राज्यातल्या दुसऱ्या लाटेतल्या या बदलांचा अर्थ लावणारा शोधनिबंध ज्या गटाने लिहिला, त्याच्या लेखकांत चेरियन आणि पोतदार होत्या. त्याच कुळातल्या एका शाखेला जागतिक आरोग्य संघटनेने ३१ मे २०२१ रोजी ‘डेल्टा’ हे नाव दिलं.

नवापूरच्या कोंबडीपासून डेल्टापर्यंत पंधरा वर्षं. मधल्या काळात यंत्रं बदलली. २००६ मध्ये एकेक तुकडा वेगळा वाढवून सँगर पद्धतीने वाचावा लागे. २०२१ मध्ये एकाच फेरीत शेकडो नमुने वाचले जाऊ लागले. पण वाचलेल्यातलं महत्त्वाचं काय आणि सोडून द्यायचं काय, ही नजर यंत्र देत नाही. ती साथीमागून साथ पाहून येते. म्हणूनच एखादी साथ ओसरली की प्रयोगशाळेचं मनुष्यबळ कमी करण्याची आपली सरकारी सवय मला फार घातक वाटते. २००६ मध्ये तयार झालेले हात २०२०-२१ मध्ये जागेवर होते, म्हणून काम झालं.

बाहेरच्या माणसाला या कामाची जी कल्पना असते ती बहुधा पांढऱ्या कोटाची आणि सूक्ष्मदर्शकाची. प्रत्यक्षात वर्षानुवर्षं पिपेटने थेंब मोजणं असतं. फ्लूचा विषाणू वाढवायला नऊ ते अकरा दिवसांची फळलेली अंडी लागतात. कवचाला बारीक भोक पाडून आतल्या द्रवात नमुना टोचायचा, उबवणीत ठेवायचं, दोन-तीन दिवसांनी तो द्रव काढून तांबड्या पेशी एकमेकींना चिकटतात का ते पाहायचं. चिकटल्या नाहीत तर पुन्हा. नमुना गावाहून येताना बर्फ वितळला असेल तर आरएनए कधीच तुटून गेलेलं असतं आणि मग पुण्यातली कितीही महागडी सोय उपयोगाची नसते. सातपुड्याच्या पाड्यावर थंडपेटी सांभाळणारा आरोग्यसेवक या शास्त्राचा पहिला कामगार आहे, आणि शोधनिबंधाच्या लेखकांत त्याचं नाव सहसा येत नाही.

जुने नमुने जपून ठेवणं हाही या कारकिर्दीचा एक भाग, आणि त्याचं सगळ्यांत सुंदर उदाहरण विद्या अरणकल्ले यांच्या कामात आहे. त्यांची ओळख मुख्यतः काविळीच्या विषाणूंची. दूषित पाण्यातून पसरणारी, पण ‘ए’ही नाही आणि ‘बी’ही नाही अशी जी कावीळ होती, तिच्यामागे विषाणूसारखे कण आहेत हे दाखवणारा १९८८चा ‘लॅन्सेट’मधला शोधनिबंध त्यांच्या नावाने सुरू होतो. आज आपण त्याला हिपॅटायटिस ई म्हणतो. गरोदर बायांचा जीव घेणारी ही कावीळ, आणि पिण्याचं पाणी जिथे ओढ्या-झऱ्याचं तिथे तिची भीती कायमची. पण मला सांगायचं आहे ते चिकुनगुन्याचं. १९७३ मध्ये बार्शीला त्याची मोठी साथ येऊन गेली. मग तो देशातून जवळजवळ नाहीसा झाल्यासारखा होता. २००५-०६ मध्ये तो अचानक लाखो लोकांना आडवा करत परतला. एनआयव्हीच्या साठ्यात १९६३ पासूनचे विषाणू जपलेले होते. अरणकल्ले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते नव्यांशी ताडून पाहिले. जुने सगळे आशियाई वंशाचे होते, नवे आफ्रिकी वंशाचे. आणि २००० साली पुणे जिल्ह्यातल्या यवतला पकडलेल्या डासांपासून मिळालेला एक विषाणूही आफ्रिकी वंशाचाच निघाला. म्हणजे पाहुणा साथीच्या पाच वर्षं आधीच घरात आलेला होता. यवतचे ते डास कुणी निरुपयोगी म्हणून फेकून दिले असते तर हे कधीच कळलं नसतं.

एनआयव्हीची सुरुवात १९५२ मध्ये रॉकफेलर प्रतिष्ठान आणि भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद यांच्या सहकार्याने ‘व्हायरस रिसर्च सेंटर’ म्हणून झाली. तिथूनच १९६५ मध्ये नागपूरजवळच्या चांदीपुरा गावातल्या तापाच्या रुग्णांच्या रक्तातून एक नवा विषाणू हाती लागला. त्या गावाचं नाव त्याला कायमचं चिकटलं. पुढे जवळजवळ चाळीस वर्षं त्याच्याकडे कुणी फारसं लक्ष दिलं नाही. २००३ मध्ये आंध्र प्रदेशात त्याने ३२९ मुलांना गाठलं आणि त्यांतली १८३ दगावली, तेव्हा डोळे उघडले. २०२४ मध्ये तो गुजरातमध्ये पुन्हा उफाळला. मातीच्या भिंतींच्या भेगांत राहणाऱ्या वाळूमाशीमार्फत तो पसरतो. नंदुरबारच्या पाड्यांतली घरं पाहिलेल्या कुणालाही यातला धोका सांगावा लागणार नाही.

खुर्शीद पावरी एनआयव्हीच्या संचालक होत्या, अरणकल्ले काविळीच्या विभागाच्या प्रमुख, पोतदार इन्फ्लुएन्झाच्या, आणि २०२० मध्ये करोनाचा विषाणू वेगळा करणाऱ्या गटाच्या अग्रभागी प्रज्ञा यादव. कोव्हॅक्सिन ज्या विषाणूपासून बनलं त्याच्या नावातही एनआयव्ही आहे: एनआयव्ही-२०२०-७७०. भारतीय विषाणूशास्त्र मोठ्या प्रमाणात बायकांनी उभं केलं आहे, आणि आपल्या मराठी शाळांच्या भिंतींवर शास्त्रज्ञांच्या तसबिरी लावताना ही नावं अजून आठवत नाहीत याचं मला मनापासून वाईट वाटतं.

०००

आता रक्त. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळा झाला. २०११च्या जनगणनेनुसार इथले सुमारे ६९ टक्के लोक आदिवासी: भिल्ल, पावरा, कोकणा, मावची, धानका. धानोरा असो की अक्राणीतला एखादा पाडा, आशाताईच्या वहीत एक शब्द हमखास असतो: सिकलसेल.

हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीची सूचना देणाऱ्या जनुकात एका ठिकाणी ‘ए’च्या जागी ‘टी’ येतं. एवढाच बदल. त्यामुळे साखळीतल्या सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन बसतं. प्राणवायू कमी पडला की अशी हिमोग्लोबिनं एकमेकांना चिकटून लांब दांडे तयार होतात, तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते, बारीक रक्तवाहिन्यांत अडकते. मग हातपाय, पाठ, पोट यांत अशी कळ उठते की मोठा माणूस ओरडतो. लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी १९४९ मध्ये या आजाराला ‘रेणूचा आजार’ म्हटलं, आणि व्हर्नन इनग्रॅम यांनी काही वर्षांत ते एक अमिनो आम्ल शोधलं. रेणवीय जीवशास्त्राच्या इतिहासातलं हे पहिल्या पानावरचं प्रकरण आहे. भारतात १९५२ मध्ये निलगिरीच्या आदिवासींत त्याची पहिली नोंद झाली.

महाराष्ट्रातल्या सिकलसेलचा नकाशा काढला तो पुण्याच्या डॉ. सुदाम काटे यांनी. आदिवासी भागांत फिरून, रक्ताचे नमुने गोळा करून त्यांनी अनेक दशकं हे काम केलं. २०१९ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २००२ मध्ये काटे आणि लिंगोजवार यांनी राज्याचा जो आढावा प्रसिद्ध केला त्यात भिल्ल, माडिया, पावरा, परधान आणि ओतकर या जमातींत सिकलसेलचं प्रमाण २० ते ३५ टक्क्यांपर्यंत असल्याचं नोंदवलं आहे. ज्या जिल्ह्यांत पाच हजारांहून अधिक रुग्ण असावेत असा अंदाज त्यांनी बांधला, त्यांत गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर, भंडारा, यवतमाळ यांच्या जोडीला नंदुरबार आहे. या प्रमाणात बहुसंख्य वाहक असतात. त्यांना स्वतःला सहसा त्रास नसतो. आई आणि वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात मूल रुग्ण होण्याची शक्यता २५ टक्के.

इतकं घातक जनुक इतक्या लोकांत टिकलं कसं? उत्तर मलेरियात आहे. वाहकाच्या रक्तात मलेरियाचा परजीवी नीट फोफावत नाही, हे अँथनी ॲलिसन यांनी १९५४ मध्ये आफ्रिकेतल्या अभ्यासातून दाखवलं. ज्या रानांत पिढ्यान् पिढ्या डास आणि ताप होते तिथे या एका अक्षराने लेकरं वाचवली, आणि ज्यांना ते आई-बाप दोघांकडून मिळालं त्यांच्याकडून किंमत वसूल केली. म्हणून सिकलसेलला जमातीचा दोष किंवा कुळाचा शाप म्हणणाऱ्याला मी ठामपणे सांगेन की हा तुमच्या पूर्वजांच्या तगून राहण्याचा पुरावा आहे.

आणखी एक गोष्ट. भारतातल्या रुग्णांत हे जनुक बहुधा ज्या जनुकीय शेजारात सापडतं, त्याला अरब-भारतीय हॅप्लोटाइप म्हणतात. या लोकांच्या रक्तात गर्भातलं हिमोग्लोबिन मोठेपणीही बऱ्यापैकी टिकून राहतं. ते पेशीचा विळा सहसा होऊ देत नाही. त्यामुळे काहींचा आजार तुलनेने सौम्य असतो, सगळ्यांचा मात्र नाही. विदर्भात बालपणापासून हाल होणारी मुलं पुष्कळ दिसतात. मुंबईच्या राष्ट्रीय प्रतिरक्षारक्तविज्ञान संस्थेत रोशन कोला आणि सहकाऱ्यांनी नवजात बाळांच्या तपासणीतून हे फरक समजून घेण्याचं मोठं काम केलं आहे.

०००

विषाणू आणि जनुक या दोन गोष्टी धानोऱ्याच्या एकाच घरात एकत्र येतात, ते पार्वोव्हायरस बी१९ मुळे. १९७५ मध्ये लंडनमध्ये इव्होन कोसार्ट यांना रक्तदात्यांच्या नमुन्यांत हा सापडला. ‘बी’ या संचातला एकोणिसावा नमुना, म्हणून बी१९. साध्या मुलाला तो झाला तर गाल लाल होतात, बारीक ताप येतो, संपलं. तो वाढतो मात्र अस्थिमज्जेतल्या, तांबड्या पेशी घडवणाऱ्या पेशींमध्येच, आणि आठ-दहा दिवस हा कारखाना बंद पाडतो. निरोगी माणसाची तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, तिला या बंदीचं काही वाटत नाही. सिकलसेलच्या मुलाची पेशी १० ते २० दिवसच जगते. रोज नवी भर पडली नाही तर त्याचं हिमोग्लोबिन एका आठवड्यात धोक्याच्या खाली येतं. मूल पांढरंफटक पडतं, धापा टाकतं. वेळेवर रक्त मिळालं तर वाचतं. १९८१ मध्ये या संकटाचा बी१९शी संबंध लंडन आणि जमैकातल्या रुग्णांमधून उघड झाला.

ज्या घरात एका सिकलसेलच्या भावंडाला असा झटका आला, तिथल्या दुसऱ्या रुग्ण भावंडालाही पुढच्या काही दिवसांत येऊ शकतो, कारण विषाणू घरातच आहे. हे एवढं वाक्य प्रत्येक आशाताईला आणि प्रत्येक आश्रमशाळेच्या अधीक्षकाला पाठ असायला हवं. आश्रमशाळेत शंभर मुलं एका छताखाली झोपतात. तिथे ही बाब जिवावरची आहे.

विषाणू आणि जनुकं यांचं दुसरं नातं आशेचं आहे. जीवाणू त्यांच्यावर हल्ला करणाऱ्या विषाणूंच्या जनुकांचे तुकडे स्वतःच्या डीएनएत जपून ठेवतात आणि पुढच्या हल्ल्यात तो तुकडा ओळखून विषाणूला कापतात. या यंत्रणेला क्रिस्पर म्हणतात. एमान्युएल शारपाँतिए आणि जेनिफर डाउडना यांनी २०१२ मध्ये ती हवं तिथे कापणारी कात्री म्हणून वापरता येते हे दाखवलं. २०२० मध्ये त्यांना नोबेल मिळालं. दिल्लीच्या आयजीआयबी या सीएसआयआरच्या संस्थेत देबज्योती चक्रवर्ती आणि सौविक मैती हे सिकलसेलसाठी याच कुळातल्या एका प्रथिनावर काम करत होते. २०२० मध्ये करोना आला तेव्हा त्यांनी तेच प्रथिन विषाणूची चाचणी करायला वळवलं. सत्यजित राय यांच्या गुप्तहेराच्या नावावरून तिला ‘फेलुदा’ म्हणतात. आदिवासींच्या रक्तातलं अक्षर ओळखण्यासाठी रचलेलं साधन अख्ख्या देशाच्या साथीत कामाला आलं.

नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटनने आणि डिसेंबरमध्ये अमेरिकेने क्रिस्परवर आधारित पहिल्या उपचाराला, कॅसजेव्हीला, सिकलसेलसाठी परवानगी दिली. त्यात रुग्णाच्याच मूळपेशी बाहेर काढून एक जनुकीय खटका बंद करतात, म्हणजे गर्भातलं हिमोग्लोबिन पुन्हा तयार होऊ लागतं. अनेक भिल्ल-पावरा रुग्णांच्या रक्तात निसर्गाने जे थोड्या प्रमाणात आधीच करून ठेवलं आहे, तेच इथे प्रयोगशाळेत साधलं आहे. अमेरिकेत त्याची किंमत २२ लाख डॉलर. धानोऱ्याच्या मजुराला हा आकडा ऐकवण्यात अर्थ नाही. पण देशी उपचार घडवण्याचं काम सुरू आहे, आणि त्याची चाचणी होईल तेव्हा नंदुरबारचे रुग्ण यादीत मागे राहता कामा नयेत.

०००

तोवर जे हातात आहे ते स्वस्त आहे. एका थेंबाची सोल्युबिलिटी चाचणी, संशय आला तर इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी. रोजचं फोलिक ॲसिड, डॉक्टरांनी सांगितल्यास हायड्रॉक्सियुरिया, भरपूर पाणी, ताप अंगावर न काढणं. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलमध्ये राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं. ४० वर्षांखालच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ हे लक्ष्य वर्ष. तपासणीचे आकडे वाढतात, ते चांगलंच. खरी कसोटी पुढे असते: कळ उठल्यावर मध्यरात्री त्या माणसाला सलाइन आणि वेदनाशामक कुठे मिळतं?

नंदुरबारच्या बाबतीत या प्रश्नाला एक धार आहे. दरवर्षी दिवाळी आटोपल्यावर जिल्ह्यातली हजारो कुटुंबं ऊसतोडीला सुरत-बार्डोलीकडे निघतात. बैलगाडी, ट्रक, पोरंबाळं, कोंबड्यासुद्धा. सिकलसेलचं कार्ड घरच्या पत्र्याच्या पेटीत राहतं आणि गोळ्या गावच्या उपकेंद्रात. उन्हात दिवसभर कोयता चालवायचा, पाणी कमी, झोप कमी: कळ उठवायला याहून वाईट परिस्थिती नाही. तिकडच्या डॉक्टरला हा रुग्ण सिकलसेलचा आहे हे माहीत नसतं. नवापूरच्या फलाटावर राज्याची हद्द एका पावलात ओलांडता येते. विषाणूने ती २००६ मध्ये ओलांडली. आरोग्याची नोंद मात्र तिथेच अडते. महाराष्ट्र आणि गुजरातने स्थलांतरित रुग्णांची एकच यादी ठेवणं ही पैशांची बाब नाही, दोन जिल्हा प्रशासनांनी एकत्र बसण्याची आहे. २०१० मध्ये शहादा तालुक्यातल्या टेंभलीत देशातलं पहिलं आधार कार्ड वाटलं गेलं. त्याच जिल्ह्यातल्या माणसाची रक्ताची नोंद त्याच्याबरोबर का जाऊ शकत नाही?

दुसरी मागणी संशोधकांकडे. या जिल्ह्यातून रक्त गेलं, पक्ष्यांच्या घशातले नमुने गेले, त्यांतून शोधनिबंध झाले. ते योग्यच झालं, जगाचा फायदा झाला. पण ज्याच्या दंडातून रक्त घेतलं त्याला निकाल त्याच्या भाषेत, कागदावर, ऊसतोडीला निघण्याआधी मिळाला पाहिजे. भिल्ली किंवा पावरी बोलणाऱ्या माणसाला ‘एएस’ (वाहक) आणि ‘एसएस’ (रुग्ण) यांतला फरक समजावून सांगायला पंधरा मिनिटं लागतात. ती पंधरा मिनिटं संशोधनाच्या अंदाजपत्रकात लिहिलेली असावीत.

आणि तिसरी गोष्ट धानोऱ्याच्या, तळोद्याच्या, अक्कलकुव्याच्या शाळांतल्या विज्ञानशिक्षकांना. तुमच्या वर्गात बसलेल्या मुलीला सांगा की वाट आहे. बारावी विज्ञान, मग नंदुरबारला किंवा शहाद्याला सूक्ष्मजीवशास्त्रात बी.एस्सी., जळगावच्या विद्यापीठात जीवशास्त्रात एम.एस्सी., नेटची परीक्षा, त्यातून मिळणारी संशोधनवृत्ती, आणि मग पुण्याच्या एनआयव्हीत किंवा मुंबईच्या रक्तविज्ञान संस्थेत पीएच.डी. वाट लांब आहे, सत्तावीस-अठ्ठावीसाव्या वर्षापर्यंत नोकरी नसते, घरचे लग्नाचं विचारत राहतात. घरच्यांशी तुम्ही बोला. जिल्ह्यात २०२० पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, शिकून परत यायला जागा आहे. जिच्या घरात सिकलसेल आहे आणि जिच्या अंगणात कोंबड्या आहेत, तिला या दोन्ही प्रश्नांची निकड कुणी शिकवावी लागणार नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरात शिष्यवृत्त्यांच्या मुदती असतात. अर्ज भरायला तिच्याबरोबर बसा.